इंजिन बसलं नव्हतं, गिअरबॉक्सही गेला नव्हता: नागपूरच्या वाडीजवळच्या चिंचेखालच्या गॅरेजचा अनुभव

गाडी २००९ ची, सात सीटर, डिझेल, मॅन्युअल गिअर, मीटरवर २,६३,००० किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही, सोळा वर्षांच्या कुठल्याही डिझेल फॅमिली गाडीला हे होऊ शकतं आणि यातलं अर्धं तर आमच्याच हयगयीनं झालं. मला लिहायचं आहे ते ज्या माणसानं ती दुरुस्त केली त्याच्याबद्दल, आणि त्यानं काहीही उघडायच्या आधी काय काय तपासलं त्याबद्दल. कारण एका मोठ्या गॅरेजनं आम्हाला इंजिनचे १,८५,००० आणि गिअरबॉक्सचे ५५,००० असे २,४०,००० सांगितले होते आणि शेवटी सगळं मिळून ७८,००० लागले, इंजिन न खोलता.

आधी हे सांगतो की आम्ही विकून का नाही टाकली. बाबांनी रिटायर व्हायच्या आधी घेतलेली ही गाडी, शेगाव वर्षातून दोनदा ठरलेलं, रामटेक, माहूर, ताईच्या लग्नाची खरेदी, आजीला शेवटचं दवाखान्यात नेलं तेही यातच. आणि भावनेचं सोडा, आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, नवीन छोट्या गाड्यांमध्ये तिला खाली वाकून बसावं लागतं आणि उतरताना दोघांनी धरावं लागतं, या गाडीत सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते, ती नुसती सरकून बसते. २०२४ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केली, ५,००० फी आणि वर ग्रीन टॅक्स वेगळा, म्हणजे कागदोपत्री गाडी २०२९ पर्यंत आमचीच.

आता प्रॉब्लेम. हिवाळ्यापासूनच सकाळी सेल्फ लांब मारावा लागून राहिला होता, आधी एका झटक्यात सुरू व्हायची ती आता सात-आठ सेकंद घ्यायची, आणि सुरू झाली की मागून पांढरा धूर, डोळे चुरचुरायला लावणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला, समोरच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे दोनदा उचलून नेले इतका. पाच मिनिटांनी गाडी गरम झाली की धूर गायब, म्हणून आम्हीही "थंडीमुळे होत असेल" म्हणून सोडून दिलं. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला, तरी चालूच. न्यूट्रलला उभी असली की स्टिअरिंग थरथरायचं, डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा. ॲव्हरेज साडेअकरावरून साडेआठवर आलं.

गिअरचं वेगळंच. सकाळी बरोबर पडायचे, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालली की पहिला गिअर घ्यायलाच तयार नाही. व्हरायटी चौकात सिग्नल सुटला आणि मी क्लच दाबून पहिला घालतो तर कांडी अडून बसली, मागे हॉर्नचा गोंधळ, बाजूला बायको, मागे पोरी, आणि वर ऊन ४४ डिग्री. रिव्हर्सला तर कर्रर्र आवाज येणारच. आणि कधीकधी दुसऱ्यात घालतानाही खरखर.

मे महिन्यात शेगावहून परत येताना कळस झाला. सात जण, वर कॅरिअरला बॅगा, एसी चालू. तळेगावचा सत्याग्रही घाट चढताना मी ॲक्सिलरेटर देऊन राहिलो, इंजिनचा आवाज वाढून राहिला, आरपीएमचा काटा ३,००० कडे जाऊन राहिला आणि गाडी मात्र तिथंच, चाळीसच्या वर सरकेचना. तेवढ्यात बाबा म्हणाले, "टेंपरेचर पाह्य." काटा लाल रेषेला टेकायला आला होता. एसी बंद केला, काचा उघडल्या, हीटर फुल सोडला (हा उपाय बाबांचा, मे महिन्यात हीटर लावणं म्हणजे काय असतं ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल, पण काटा खाली येतो, कारण हीटरचा छोटा रेडिएटरही इंजिनची गर्मी ओढून घेतो) आणि हळूहळू घाट काढला. पुढं एका ढाब्यावर सावलीत तासभर थांबलो. आई काहीच बोलली नाही, तिनं फक्त पोरींच्या डोक्यावर ओला नॅपकिन ठेवला. मला त्या दिवशी खूप अपराधी वाटलं, कारण त्रास सहा महिन्यांपासून दिसत होता आणि मी सगळ्यांना घेऊन निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका मोठ्या, चकाचक गॅरेजमध्ये नेली. नाव लिहीत नाही. तिथं एसी वेटिंग रूम आहे, कॉफी मशीन आहे, टॅब घेऊन फिरणारे ॲडव्हायझर आहेत. गाडी गरमच होती. एकानं बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, रिंग-पिस्टन गेले, इंजिन बसलं, पूर्ण ओव्हरहॉल, आणि गिअरबॉक्सही काढावा लागेल, सिंक्रो (गिअर खरखर न करता पडावा म्हणून आत असलेल्या रिंगा) सगळे संपलेत. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजलं का विचारलं तर म्हणाला सर अनुभवावरून कळतं. एस्टिमेट प्रिंट करून दिलं, २,४०,०००. आणि लगेच दुसरा आला, "सर एक्स्चेंजमध्ये द्यायची असेल तर १,४०,००० पर्यंत करून देऊ." घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी केली आणि शर्टच्या खिशात ठेवला. रात्री जेवले नाहीत नीट.

ताईचे दीर शाळेच्या व्हॅन चालवतात, त्यांच्या तीन गाड्या आहेत, त्यांनी फोनवर सांगितलं, "भाऊ, काही उघडू देऊ नका, आधी वाडीच्या मिस्त्रीला दाखवा." तर हे ते गॅरेज. अमरावती रोडनं वाडी ओलांडली की ट्रान्सपोर्टवाल्यांची गोडाउनं लागतात, त्यांच्या मागच्या बाजूला एक मोठं चिंचेचं झाड आहे, त्याच्या खाली टिनाचं शेड. बोर्ड नाही. भिंतीवर चुन्यानं "इंजिन काम" इतकं लिहिलं आहे तेही अर्धं पुसलेलं. मिस्त्रींचं वय साठच्या आसपास असावं, सोबत दोन पोरं हाताखाली. नाव आणि नंबर टाकू नका असं त्यांनी स्वतःच सांगितलं, आहे तेच काम उरकत नाही म्हणाले, म्हणून टाकत नाही.

मी लक्षणं सांगायला लागलो तर त्यांनी मध्येच थांबवलं. "भाऊ, गाडी आज ठेवून जा. रातभर थंडी होऊ द्या. सकाळी तुम्ही या, तुमच्यासमोर पहिला सेल्फ मारू. गरम गाडी खोटं बोलते जी." मला हे वाक्य तेव्हा नुसतं बोलण्याची पद्धत वाटली, सकाळी कळलं त्याचा अर्थ काय तो.

सकाळी साडेसातला मी आणि बाबा पोचलो. मिस्त्री सायलेन्सरपाशी बसले, पोराला सेल्फ मारायला लावला. धूर आला, त्यांनी हात धुरात धरला, वास घेतला आणि बाबांकडे पाहून म्हणाले, "काकाजी, हे कच्चं डिझेल हाय. ऑइल जळत असतं तं धूर निळा आला असता न. पाणी जळत असतं तं वास गोडसर येते आणि धूर गरम झाल्यावरही चालूच राहते." मग ऑइल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून त्या भोकावर नुसतं ठेवलं, इंजिन चालू. रिंग घासलेल्या असत्या तर खालून येणाऱ्या हवेनं ते झाकण नाचून पडलं असतं. ते थोडं थरथरत जागेवर राहिलं. एवढ्यावर थांबले नाहीत, हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे, ते काढले (त्यातला एक मेलेला निघाला) आणि त्या जागी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, २६, २७, २६, २५ बार. एका जुन्या वहीत लिहून घेतलं आणि ती वही बाबांच्या हातात दिली. "इंजिन बसलेलं असतं तं हे आकडे असे जोडीनं आले नसते. इंजिन तुमचं ठीक हाय काकाजी." बाबांनी चष्मा काढून पुसला. मी हे विसरणार नाही.

मग जे केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आजकालच्या डिझेलमध्ये कॉमन रेल असते, म्हणजे पंप एका जाड नळीत डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून चारही इंजेक्टर ते घेऊन सिलिंडरमध्ये फवारतात. तो दाब लोड आला की १,००० बारच्या वर जातो, आपल्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते यावरून अंदाज करा. इंजेक्टर जे डिझेल वापरत नाही ते एका बारीक पाइपानं टाकीकडे परत जातं. मिस्त्रींनी ते चारही परतीचे पाइप काढून चार रिकाम्या पाण्याच्या बाटल्यांमध्ये सोडले, बाटल्या सुतळीनं बॉनेटच्या दांडीला ओळीनं बांधल्या, आणि इंजिन पाच मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवलं. आम्ही तिघं-चौघं नुसते पाहत उभे. पहिल्या आणि चौथ्या बाटलीत तळाला बोटभर डिझेल. दुसरीत त्याच्या दुप्पट. तिसरी तर अर्ध्याच्या वर भरली, धार दिसत होती. म्हणजे तिसरा इंजेक्टर आतून इतका घासला होता की सगळा दाब तोच सोडून देत होता, म्हणून सकाळी रेलमध्ये दाब बनायलाच आठ सेकंद लागायचे, म्हणून सेल्फ लांब. आणि दुसऱ्याचं नोझल, म्हणजे फवारणारं टोक, थेंब थेंब गळत होतं, थंड इंजिनात ते जळायचं नाही आणि धूर होऊन बाहेर पडायचं. पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या आणि सुतळी, यापलीकडे काही नाही. त्या चकाचक गॅरेजमध्ये हे करायला पाच मिनिटं नव्हती आणि इंजिन उतरवायला पंधरा दिवस होते, याचा मला आजही राग येतो.

गिअरचं निदान तर त्याहून सोपं. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि मला म्हणाले बसा, क्लच दाबा, सगळे गिअर घाला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स, सगळे लोण्यासारखे पडले. आता इंजिन चालू करा, रिव्हर्स घाला. कर्रर्र. "गिअरबॉक्स खराब असता तं बंद गाडीतही अडला असता न. तुमचा क्लच सुटून नाही राहिला." म्हणजे पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण वेगळे होत नव्हते, आतला शाफ्ट फिरतच राहायचा आणि फिरत्या दात्यांवर गिअर घालायला गेलं की खरखर. क्लचच्या तेलाची डबी उघडून दाखवली, तेल चहासारखं काळं. खाली गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचा खालचा सिलिंडर असतो त्याचं रबर उलटवून दाखवलं तर आत ओलं. गळती इतकी थोडी की जमिनीवर थेंब नाही. गाडी गरम झाली की जुनं पाणी धरलेलं तेल आणि गळका सिलिंडर, दोन्ही मिळून पेडलचा दाब पोचायचाच नाही, म्हणून सकाळी गिअर बरोबर आणि दुपारी अडलेले.

घाटात गाडी ओढत नव्हती त्याचं कारण मात्र क्लच प्लेटच. तेही तपासून दाखवलं, हँडब्रेक ओढून चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायला लावला. चांगली प्लेट असली की इंजिन लगेच बंद पडायला पाहिजे, आमचं दोन-तीन सेकंद आरामात चालत राहिलं. प्लेट शेवटची कधी बदलली विचारलं तर आम्हाला आठवेचना. टायमिंग बेल्ट कधी बदलला? तेही आठवेना. आमच्या गाडीच्या पुस्तकात दीड लाख किलोमीटरला बदला असं लिहिलं आहे, म्हणजे एकदा बदलला असणारच पण बिल सापडत नाही. बेल्ट तुटला की पिस्टन आणि वॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग खरोखरच इंजिन जातं, म्हणून शंका असेल तर बदलून टाका म्हणाले. इथं आमची चूक होती, पुस्तकात नोंद ठेवायची सवय कुणीच ठेवली नाही.

आणि रेडिएटर. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण हे काम माझ्याकडे होतं. कूलंट कमी झालं की मी अंगणातल्या बोअरचं पाणी टाकायचो, वर्षानुवर्षं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो, गीझरची कॉइल दोनदा गेली, तरी डोक्यात आलं नाही की तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन काय करत असेल. मिस्त्रींनी रेडिएटरवाल्याकडे नेऊन वरची टाकी उघडून दाखवली, अर्ध्याअधिक नळ्या चुन्यानं बंद, खडूसारखा थर नखानं निघत होता. शिवाय समोरचा पंखा, जो गरम झाला की घट्ट पकडून जोरात फिरायला पाहिजे, तो आतलं सिलिकॉन तेल गळल्यामुळे नुसता घरंगळत होता. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हातानं फिरवून पाहायचा, फिरकीसारखा फिरला तर तो गेला, थोडा अडून अडून फिरायला पाहिजे. हे तुम्हीही घरी पाहू शकता, फक्त इंजिन पूर्ण बंद आणि चावी खिशात असू द्या.

काम तेरा दिवस चाललं. मी ऑफिसला जाताना रोज चक्कर मारायचो, रविवारी तर बाबा आणि मी सकाळपासून तिथंच, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले आणि झाडाखाली बाकावर बसून राहिलो. बाबा मिस्त्रींशी जुन्या पेट्रोल जीपच्या गोष्टी करून राहिले होते, कितीतरी महिन्यांनी ते असे मोकळे बोलताना पाहिले.

इंजेक्टर त्यांनी स्वतः उघडले नाहीत, हे मला आवडलं. "हे माझं काम नाही, हे मशीनवरचं काम हाय" म्हणून पंप-नोझलवाल्याकडे पाठवले, तिथं चारही टेस्ट बेंचवर लावून रिपोर्ट दिला. दोन चांगले निघाले, ते नुसते साफ केले, दोघांचे नोझल आणि वॉल्व्ह बदलले, प्रत्येकी ९,०००. टेस्टिंगचे २,००० वेगळे. परत बसवताना खाली जो तांब्याचा वॉशर असतो तो प्रत्येकाचा नवीन टाकला, जुना परत लावू देऊ नका, तिथून गॅस निसटला की इंजेक्टरच्या भोवती डांबरासारखं काळं जमतं, आमच्या एकाच्या भोवती ते होतंच, पोरानं तासभर खरवडून काढलं. बसवल्यावर स्कॅनर लावून इंजेक्टरवरचे कोड कॉम्प्युटरमध्ये टाकले.

ईजीआर (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड काढलं तेव्हा मला बोलावून घेतलं. जिथून हवा जायची ते भोक आत सुपारीएवढं उरलं होतं, बाकी सगळी काजळी आणि ऑइलचा चिखल. छोट्या छोट्या चकरा, शाळा, भाजी, ऑफिस, इंजिन नीट गरम व्हायच्या आधीच बंद, त्यानं हे जास्त होतं म्हणाले. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रोडवर चालवत जा, असं सांगितलं.

क्लच सेट ११,५००, फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं ९००, क्लचचे दोन्ही सिलिंडर ३,८००, टायमिंग बेल्टचा किट आणि वॉटर पंप ९,२००, पंखा ४,६००, मजुरी १४,०००. बाकी रेडिएटर, कूलंट, ऑइल, फिल्टर, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे दोन क्रॉस, म्हणजे सांधे (रिव्हर्स घेताना खालून टक् आवाज यायचा तो यांचाच), असं धरून ७८,०००. प्रत्येक जुना पार्ट एका पोत्यात भरून गाडीच्या मागे ठेवून दिला होता, न मागता.

गिअर ऑइलबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे, कारण हे फार लोकांना माहीत नसतं आणि नुकसान हळूहळू होतं. मागच्या वेळी कुणीतरी आमच्या गिअरबॉक्समध्ये मागच्या एक्सलचं जीएल-५ ऑइल टाकलेलं होतं, डब्बा एकच म्हणून दोन्हीकडे तेच. आमच्या पुस्तकात गिअरबॉक्सला जीएल-४ लिहिलं आहे. जीएल-५ मध्ये गंधकाचं ॲडिटिव्ह जास्त असतं, ते एक्सलच्या दात्यांना चांगलं पण सिंक्रोची रिंग पितळी असली तर तिला ते मानवत नाही. म्हणून दुसऱ्या गिअरची जी खरखर होती ती पूर्ण गेली नाही, त्या सिंक्रोची रिंग खरोखरच घासली आहे. मिस्त्रींनी हे आधीच सांगितलं होतं, "तिसऱ्यातून दुसऱ्यात घाईनं ओढाल तं आवाज येईल, दोन सेकंद द्याल तं नाही येणार. त्याच्यासाठी पूर्ण गिअरबॉक्स उघडू नका, अजून दोन-तीन वर्षं काही होत नाही." मी दोन सेकंद देतो, आवाज येत नाही.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्याही. सहा दिवस सांगितले होते आणि तेरा लागले, त्यात तीन दिवस तर नुसती क्लच प्लेट यायची वाट पाहण्यात गेले आणि फोन करून सांगितलं नाही, आपणच जाऊन विचारायचं. मजुरीचं पक्कं बिल मिळत नाही, वहीचं पान फाडून देतात, पार्टची बिलं मात्र दुकानाची ओरिजिनल दिली. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला तिथं काहीच सोय नाही, आई एकदा सोबत आली तर तिला गाडीतच बसावं लागलं, जून सुरू झाला होता, झाडाखालीही उकाडा. मिस्त्री फोनवर तुटक बोलतात, पहिल्यांदा बोललात तर रागावले आहेत असं वाटेल. आणि इन्शुरन्सचा क्लेम किंवा वॉरंटीतली गाडी असेल तर तिथं नेऊन उपयोग नाही, तुमच्या कंपनीच्या वर्कशॉपलाच न्या.

पण काम. डिसेंबरमध्ये सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि चिखलदरा १,१०० मीटरच्या वर आहे, म्हणजे चांगलीच चढण. सात जण, तेवढ्याच बॅगा. दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी न कुरकुरता चढली, टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या खाली जागचा हलला नाही, बाबा पूर्ण घाट काट्याकडेच पाहत होते आणि वर पोचल्यावर म्हणाले, "चहा घेऊ." तिथं रात्री थंडी चांगली होती, सकाळी सहाला मी मुद्दाम एकटा खाली गेलो आणि सेल्फ मारला. एका झटक्यात सुरू झाली. मागे जाऊन पाहिलं, धूर नाही, नुसती वाफ, तीही अर्ध्या मिनिटात गेली. आतापर्यंत ९,००० किलोमीटर झाले, ॲव्हरेज परत साडेअकरा, ऑइलची पातळी दर महिन्याला पाहतो, तसूभरही कमी नाही. कूलंटमध्ये आता फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं अर्धं, बोअरच्या पाण्याचा मग मी गाडीपासून लांब ठेवला आहे. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली, त्यात पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात कॉम्प्रेशनचे ते चार आकडे लिहिले आहेत.

ज्यांच्याकडे जुनी डिझेल सात सीटर आहे आणि कुणी "इंजिन बसलं" म्हणून मोठा कागद हातात दिला आहे त्यांनी पैसे द्यायच्या आधी इतकं विचारा की कॉम्प्रेशन किती आलं, इंजेक्टरची परती मोजली का, आणि बंद गाडीत गिअर कसे पडतात ते पाहिलं का. उत्तर नसेल तर गाडी उचला आणि दुसरीकडे दाखवा, मग ते वाडीचं असो की दुसरं कुठलं.

वाडीला जायचं असेल तर सकाळी नका नेऊ, संध्याकाळी सहाच्या सुमारास न्या, सोमवार सोडून, रात्रभर तिथंच ठेवायची तयारी ठेवा, आणि सकाळी साडेसातला स्वतः हजर राहा, घरातलं जे माणूस ती गाडी सगळ्यात जास्त चालवतं त्याला घेऊन जा. तो पहिला सेल्फ ते तुमच्याशिवाय मारत नाहीत.